रविवारी संध्याकाळी आम्ही कुठं जायचं?

मा. मंत्री महोदय,
दिव्यांग कल्याण विभाग, महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

सप्रेम नमस्कार.

डिसेंबर २०२२ मध्ये दिव्यांगांसाठी राज्यात स्वतंत्र विभाग सुरू झाला, तेव्हा आम्हाला मनापासून आनंद झाला. तोवर आमचा कागद सामाजिक न्याय विभागाच्या ढिगात पडून असायचा. आज संजय गांधी निराधार योजनेचे पैसे मिळतात, एसटीच्या तिकिटात ७५ टक्के सवलत आहे, दिव्यांगत्वाचं ओळखपत्र म्हणून युडीआयडी कार्ड आहे, शिबिरात तीनचाकी मिळते. या सगळ्याचा उपयोग होतो, आणि तो कमी लेखण्यासाठी मी हे पत्र लिहीत नाही. मात्र या सगळ्या सोयी पाहिल्या की वाटतं, आम्ही घराबाहेर पडतो ते दवाखाना, तहसील नाहीतर बँक गाठायला, असंच सरकारनं धरून ठेवलंय. संध्याकाळी नुसतं फिरायला जावं, नाटक बघावं, जत्रेत हिंडावं, चार मैत्रिणींसोबत बागेत भेळ खावी, असं आम्हालाही वाटतं, हे कोणत्याच योजनेत दिसत नाही.

मी लातूरची. लहानपणी पोलिओ झाला. बरीच वर्षं कॅलिपर (पायाला बांधायचा आधार) आणि कुबड्यांवर चालले, शाळेत शिकवलं. आता खांदे साथ देत नाहीत म्हणून व्हीलचेअर वापरते. २०१४ साली देश पोलिओमुक्त जाहीर झाला, म्हणजे पोलिओ झालेल्यांत आमच्यामागे आता फारसं कुणी नाही. पण मराठवाड्यात दिव्यांग माणसं कमी झाली असं कुणी समजू नये. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपात किल्लारी-सास्तूरकडची दगडमातीची घरं कोसळली. त्या ढिगाऱ्यातून जी माणसं जिवंत निघाली, त्यांतल्या काहींचा मणका गेला होता, काहींचे पाय. सोयाबीनच्या सुगीत आजही मळणीयंत्रात हात जातात. पंचविशीतला, कालपर्यंत पोळ्याला बैलांपुढं नाचणारा पोरगा एका दुपारी दिव्यांग होतो. त्याला गिरणी किंवा शिलाई मशीन द्यायचं हे सगळ्यांना सुचतं. तो पुन्हा मित्रांसोबत मैदानावर कसा जाईल, हा विचार कोण करतो?

ही मागणी चैनीची नाही, कायद्यातली आहे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याच्या कलम २९ मध्ये संस्कृती आणि मनोरंजन आहे, कलम ३० मध्ये खेळ आहे. कलम ४५ नुसार नियम लागू झाल्यापासून ५ वर्षांत सगळ्या जुन्या सार्वजनिक इमारती आम्हाला वापरता येतील अशा व्हायला हव्या होत्या. नियम जून २०१७ चे. मुदत जून २०२२ मध्येच संपली.

आता प्रत्यक्ष काय होतं ते सांगते. आमच्याकडच्या एका बागेच्या फाटकात दुचाकी आत शिरू नये म्हणून लोखंडी पाइप नागमोडी बसवले आहेत. दुचाकी शिरत नाही हे खरं, पण तीनचाकी आणि व्हीलचेअरही शिरत नाही. शेजारी मोठं गेट आहे, त्याला कुलूप असतं, आणि किल्ली ज्याच्याकडे असते तो संध्याकाळी जेवायला गेलेला असतो. आत खुली व्यायामशाळा आहे. तिथलं एकही यंत्र बसल्या जागेवरून वापरता येत नाही. हातांनी फिरवायचं एक चाक योग्य उंचीवर लावलं, समोर खुर्ची उभी राहील एवढी सपाट फरशी केली, की आमचाही व्यायाम होतो आणि गुडघे दुखणाऱ्या आजीचाही.

रॅम्पचं तर गणितच कुणी करत नाही. मानक १ः१२ चं आहे, १ फूट चढायला १२ फूट लांबी. सहा-सहा इंचांच्या चार पायऱ्या असतील तर उंची २ फूट, म्हणजे रॅम्प किमान २४ फुटांचा हवा. ठेकेदार पायऱ्यांच्या कडेला उरलेल्या पाच-सहा फुटांत सिमेंट ओततो आणि घसरगुंडी तयार होते. तिच्यावरून एकटीनं चढता येत नाही, आणि उतरताना खुर्ची हातातून सुटली तर थेट रस्त्यावर. फायलीत मात्र ‘रॅम्प उपलब्ध’ अशी नोंद होते, बिल निघतं, आणि पुढची कित्येक वर्षं कुणी तिकडं बघत नाही. मला या सगळ्या प्रकारात याच गोष्टीचा सर्वांत जास्त राग येतो. काहीच बांधलं नसतं तर निदान मागता तरी आलं असतं.

बायकांचं आणखी एक आहे. बाहेर जायचं ठरलं की आम्ही सकाळपासून पाणी पीत नाही. नाट्यगृह असो की जत्रेचं मैदान, खुर्ची आत जाईल असं स्वच्छतागृह बहुतेक ठिकाणी नसतंच. असलं तर त्यात झाडू आणि जुन्या खुर्च्या भरलेल्या असतात. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात दिवसभर पाण्यावाचून राहणं म्हणजे काय, हे मी आपल्याला सांगायला नको. माझ्या ओळखीच्या कितीतरी जणींनी एवढ्या एका कारणासाठी सिद्धेश्वराच्या यात्रेला जाणं सोडून दिलं आहे.

खेळाबद्दल अभिमानानं लिहिते. २८ ऑगस्ट २०२४ ला पॅरिस पॅरालिम्पिकच्या उद्घाटनाला भारताचा तिरंगा ज्या दोघांच्या हाती होता, त्यांतली एक आमच्या नांदेड जिल्ह्यातली भाग्यश्री जाधव, गोळाफेकपटू. त्या स्पर्धेत भारतानं २९ पदकं मिळवली. भाग्यश्रीला व्हीलचेअरवर झेंडा घेऊन जाताना पाहून कितीतरी मुली हरखून गेल्या असतील. त्यांतल्या एखादीनं दुसऱ्या दिवशी जिल्हा क्रीडा संकुलात जाऊन ‘मला गोळा फेकायला शिकवा’ म्हटलं, तर बसून गोळा फेकायची खुर्ची तिथं आहे का? ते शिकवणारा माणूस आहे का? आणि सगळ्यांनीच पदकासाठी खेळावं असंही नाही. बसून खेळायचा व्हॉलीबॉल आहे, बसूनच चेंडू नेमक्या जागी टाकायचा बोचिया आहे. ३ डिसेंबरला, जागतिक दिव्यांग दिनी, एक दिवस शाळांच्या मुलांच्या स्पर्धा होतात, बक्षिसं वाटली जातात, चांगलंच आहे. पण चाळिशीच्या माणसालाही आठवड्यातून दोन दिवस घाम गाळावासा वाटतो.

नवरात्रात लातूरहून तुळजापूरला पायी जाणाऱ्यांची रांग लागते. तुळजापुरात महाद्वारातून आत गेलं की कल्लोळ, गोमुख तीर्थाकडे पायऱ्या उतरतच जावं लागतं. अजिंठ्याला डोली मिळते, चार माणसं खांद्यावर नेतात. त्या माणसांच्या कष्टाबद्दल मला आदरच आहे, त्यांची रोजीरोटीही त्यावर चालते. तरी जिथवर खुर्ची जाऊ शकेल तिथवर ती माझी मला नेता यावी. लेणी केंद्राच्या पुरातत्त्व खात्याकडे आहेत हे मला ठाऊक आहे. आपण त्यांना लिहू शकता.

पैशांचा प्रश्न येईलच. प्रत्येक ग्रामपंचायत, नगरपालिका, महापालिका आणि जिल्हा परिषदेला स्वउत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांवर खर्च करायचा आहे. तो बऱ्याचदा मार्चमध्ये घाईघाईनं वाटला जातो, कुठे रोख, कुठे वस्तू. गरजू माणसाच्या हातातली मदत काढून घ्या असं मी कधीच म्हणणार नाही. पण बागा, नाट्यगृहं, क्रीडा संकुलं, वाचनालयं ही सगळ्यांच्या पैशांतून उभी राहतात, तेव्हा त्यांच्या मूळ अंदाजपत्रकातच आमचा रस्ता धरला पाहिजे. तो आमच्या ५ टक्क्यांतून कापायचा नाही.

माझी मागणी एकच आहे, आणि तिला फारसा खर्चही नाही. सार्वजनिक जागेच्या कोणत्याही कामाचं शेवटचं बिल, त्या गावातल्या दिव्यांग व्यक्तींनी ती जागा स्वतः वापरून पाहून सही केल्याशिवाय निघू नये, असा शासन निर्णय काढा. व्हीलचेअरवाल्यानं रॅम्प चढून बघावा, कुबडी घेणारीनं फरशी ओली करून बघावी, दृष्टिहीन माणसानं दारापर्यंत एकट्यानं जाऊन बघावं. कायद्याच्या कलम ७२ मध्ये जिल्हास्तरीय समिती सांगितलेली आहेच. तिची बैठक जिल्हाधिकारी कार्यालयाच्या सभागृहात न घेता एकदा बागेत घ्या, एकदा नाट्यगृहात. ८ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयानं सुगम्यतेचे नियम ऐच्छिक न ठेवता बंधनकारक करा, असं केंद्राला सांगितलं. राज्यानं त्याची वाट का पाहावी?

सुरुवात मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांच्या मुख्यालयातल्या एकेका बागेपासून करता येईल. लातूरच्या तपासणीसाठी आम्ही काही जण तयार आहोत. मानधन नको. महापालिकेनं तारीख कळवावी, मोठ्या गेटची किल्ली त्या दिवशी जागेवर असावी, आणि अभियंत्यानं टेप घेऊन आमच्यासोबत यावं. आम्ही काढलेल्या त्रुटी त्याच दिवशी लेखी नोंदवून त्याची एक प्रत आम्हाला मिळावी.

आपल्या उत्तराची वाट पाहते.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, लातूर