फोर्ट वर्थहून आई-बाबांना

फोर्ट वर्थ, टेक्सास

तीर्थरूप आई आणि तीर्थरूप बाबा यांच्या चरणी साष्टांग नमस्कार.

बाबांनी फोनवर न बोलता चक्क पत्र लिहून पाठवले, तेव्हाच विषय मनाला लागलेला आहे हे मला समजले, म्हणून मीही सवडीने बसून पत्रच लिहीत आहे. आम्ही तिघेही सुखरूप आहोत. घर, चिनूची शाळा, यांचे ऑफिस याविषयी दर रविवारी बोलणे होतेच, त्यामुळे ते पुन्हा लिहीत नाही. तुम्ही जे विचारले आहे त्याचेच उत्तर देते.

होय, मी हिशेबनिसाच्या नोकरीसाठी अर्ज करणे थांबवले आहे, आणि होय, मी आता लाइन डान्स, म्हणजे रांगांत उभे राहून करायचा इथला नाच, शिकवते. हे काम बेकायदा नाही. जोडीदाराच्या व्हिसावर आलेल्यांना, ग्रीन कार्डच्या अर्जाचा ठरावीक टप्पा मंजूर झालेला असेल, तर २०१५ पासून काम करण्याचा परवाना मिळतो. तसा परवाना माझ्याकडे आहे आणि त्यावर स्वतःचा व्यवसायही करता येतो. नाच शिकवायला इथे वेगळे सरकारी प्रमाणपत्र लागत नाही. शिकवलेले पायात उतरले तर लोक पुढच्या आठवड्यात परत येतात, नाहीतर येत नाहीत, आणि माझ्या वर्गाला ते परत येतात.

आई, तुझी मुख्य काळजी जागेची आहे, म्हणून आधी तेच सांगते. सकाळचे वर्ग ज्येष्ठ नागरिकांच्या केंद्रात आणि एका चर्चच्या सभागृहात असतात. आठवड्यातून एक संध्याकाळचा वर्ग डान्स हॉलमध्ये असतो. तिथे दारू मिळते हे खरे आहे, पण वर्ग बँड सुरू होण्याच्या आधी होतो, आजी-आजोबा नातवंडांना घेऊन येतात, आणि मी पाण्याची बाटली घेऊन जाते आणि वर्ग संपवून घरी येते. पोशाख म्हणजे जीन्स, पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि चामड्याचे बूट. या नाचात जोडीदार नसतो आणि कोणाचा हात धरावा लागत नाही. सगळे रांगांत उभे राहून एकाच वेळी तीच पावले टाकतात. म्हणून तर माझ्या सकाळच्या वर्गात निम्म्याहून अधिक बायका एकट्या राहणाऱ्या आहेत. नवरा गेल्यावर ज्यांचे नाचणे थांबले होते, त्यांना इथे कोणाची वाट पाहावी लागत नाही. त्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद तू एकदा पाहिलास, तर तुझ्या मनात शंका उरणार नाही याची मला खात्री आहे.

आत्यांनी विचारले की काऊबॉय लोकांच्या नाचात आपल्या रंगाच्या माणसाला कोण उभे करणार. त्यांना सांगा की हा नाच एका रंगाचा कधीच नव्हता. आफ्रिकी-अमेरिकी कुटुंबांच्या लग्नांत आणि मेळाव्यांत 'इलेक्ट्रिक स्लाइड' हा लाइन डान्स पिढ्यान्‌पिढ्या नाचला जातो, आणि माझ्या वर्गात मेक्सिकन, फिलिपिनो, गोऱ्या, काळ्या अशा सगळ्या बायका आहेत. ज्या बाईंकडे मी शिकले, त्या १९९२ च्या लाटेत शिकलेल्या. त्या वर्षी बिली रे सायरस यांचे 'एकी ब्रेकी हार्ट' गाणे आले, त्यावर मेलनी ग्रीनवूड यांनी बसवलेला नाच टीव्हीवरून सगळीकडे पोहोचला, आणि गावोगावच्या हॉलमध्ये लोक रांगा लावून तो शिकू लागले. २०२४ च्या फेब्रुवारीत बियॉन्से यांचे 'टेक्सस होल्ड देम' गाणे आले, तेव्हा तसेच काहीसे आमच्या संध्याकाळच्या वर्गात झाले आणि कधी काऊबॉय बूट न घातलेल्या तरुण मुली यायला लागल्या. बाईंचे गुडघे त्याच सुमारास थकले, त्यांनी मला पुढे उभे केले आणि स्वतः मागच्या रांगेत जाऊन उभ्या राहिल्या. तेव्हापासून वर्ग मी घेते.

बाबा, आता तुमच्यासाठी लिहिते, कारण तुम्ही लिहिले आहे की एवढे शिकून शेवटी नाचच शिकवायचा होता का. तुम्ही इतकी वर्षे शाळेच्या मैदानावर शिट्टी घेऊन दोनशे मुलांची लेझीम बसवलीत, आणि त्या दोनशेंत मीही होते. रांग सरळ कशी ठेवायची, पुढच्याकडे न पाहता ठोका कानाने कसा धरायचा, एक मुलगा चुकला तर सगळी रांग कशी बिघडते, हे मी तुमच्याकडे शिकले. इथेही आठ-आठ ठोक्यांची मोजणी असते. नाच बहुधा बत्तीस, अठ्ठेचाळीस किंवा चौसष्ट ठोक्यांचा असतो, आणि तो संपला की सगळी रांग एका बाजूला वळून नव्या भिंतीकडे तोंड करून तोच नाच पहिल्यापासून करते. चार भिंतींचा नाच असेल तर चार वेळा वळल्यावर आपण पुन्हा मूळ जागी तोंड करून उभे राहतो. यात शिकवणाऱ्याची खरी कसोटी आहे, कारण दोन वळणे झाली की शेवटची रांग पहिली होते, आणि भीतीने मागे जाऊन उभी राहिलेली नवी बाई एकदम सर्वांच्या पुढे येते, तिच्यासमोर पाहायला कोणीही नसते. म्हणून मी नव्या माणसांना नेहमी मधोमध उभे करते, म्हणजे कोणत्याही भिंतीकडे वळले तरी त्यांच्या पुढे जाणकार पावले असतात. पाऊल ओरडून सांगायचे ते ठोका पडण्याआधी, पडल्यावर नाही. आणि सगळ्यांत जास्त वेळ मी एकाच गोष्टीवर घालवते: पाय नुसता टेकवणे वेगळे आणि पायावर वजन देणे वेगळे. टेकवायच्या जागी वजन दिले की पुढचे पाऊल टाकायला चुकीचा पाय मोकळा राहतो, आणि तिथून सगळे बिघडत जाते. हे मी तुमच्याच पद्धतीने, संगीत बंद करून, नुसते आकडे म्हणून घेते.

तुम्ही हॉलमधला व्हिडिओ मागितला आहे. तो पाठवीन, पण त्याआधी इथली एक रीत नीट सांगून ठेवते, कारण मला ती पहिले कित्येक महिने समजली नव्हती आणि तुम्हालाही तो नुसता गोंधळ वाटेल. एकच लाकडी फ्लोअर असतो आणि एकच गाणे चालू असते, पण त्यावर सगळे एकच नाच करत नाहीत. कडेकडेने जोड्या फिरतात, आणि त्या घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेनेच फिरतात. कोणीही दुसऱ्या दिशेने जात नाही. त्यातही भरभर जाणाऱ्या जोड्या अगदी बाहेरून आणि सावकाश जाणाऱ्या जोड्या थोड्या आतून. मधला भाग आमच्या रांगांचा. कधीकधी एकाच गाण्यावर दोन वेगवेगळे लाइन डान्स चालतात, तेव्हा एक गट फ्लोअरच्या पुढच्या टोकाला आणि दुसरा मागच्या टोकाला उभा राहतो, दोघांची पावले वेगळी, वळणे वेगळी, आणि तरी कोणी कोणाच्या अंगावर जात नाही. हे कोणी जाहीर करत नाही, पाटीही नसते. नाचणाऱ्या रांगांमधून चालत पलीकडे जायचे नाही, ग्लास घेऊन फ्लोअरवर पाय ठेवायचा नाही, कारण चामड्याच्या तळव्याखाली दोन थेंब सांडले तरी माणूस पडतो. फ्लोअर भरलेला असेल तर पावले लहान करायची. मोकळ्या नाचाच्या वेळी मधोमध उभे राहून कोणाला शिकवत बसायचे नाही. शिकवायचे तर कडेला, फ्लोअरच्या बाहेर. धक्का लागला तर चूक कोणाचीही असो, दोघेही क्षमा मागतात. मी नव्या लोकांना पाऊल शिकवण्याआधी हे सगळे शिकवते, आणि त्या दिवशी वर्गाची निम्मी वेळ त्यातच गेली तरी मला वाईट वाटत नाही.

मी स्वतः नाच बसवायलाही लागले आहे, ही गोष्ट फोनवर घाईत सांगितली होती. तिथे मन खरोखर रमते. आधी गाणे कित्येकदा ऐकून त्याचे ठोके कागदावर मांडावे लागतात, कारण गाणे दरवेळी बत्तिसाच्या हिशेबात बसतेच असे नाही. मी घेतलेल्या गाण्यात तिसऱ्या भिंतीवर, म्हणजे नाचाच्या तिसऱ्या फेरीत, गायक सोळा ठोक्यांतच ओळ संपवतो. तिथे नाच अर्धाच सोडून पहिल्यापासून सुरू करावा लागला, त्याला इथे रीस्टार्ट म्हणतात. पुढे एके ठिकाणी चार ठोके जास्तीचे उरतात, तिथे चार पावलांची जोड दिली, तिला टॅग म्हणतात. रीस्टार्ट आणि टॅग जितके कमी, तितका नाच लोकांच्या लक्षात राहतो, हे मी आता शिकले आहे. शेवटच्या ठोक्याला वजन डाव्या पायावरच आले पाहिजे, म्हणजे पुढची फेरी सुरू करायला उजवा पाय मोकळा राहतो. माझ्या सकाळच्या बायकांसाठी तीन पावलांत घ्यायची पूर्ण गिरकी काढून तिच्या जागी साधी ग्रेपव्हाइन ठेवली: उजवा पाय बाजूला, डावा त्याच्या मागून, उजवा पुन्हा बाजूला, आणि डावा जवळ टेकवायचा. दुसऱ्या आठात टाच पुढे टेकवून परत जुळवण्याचे पाऊल मी लेझमीतून घेतले आहे, बाबा, तुम्ही ते पाहताच ओळखाल. मग त्याची स्टेप शीट लिहिली: किती ठोके, किती भिंती, कोणत्या पातळीचा नाच, गाणे सुरू झाल्यावर किती ठोके थांबायचे, आणि खाली बसवणारीचे नाव. दुसऱ्या गावातल्या एका शिक्षिकेने ती घेऊन तो नाच आपल्या वर्गाला शिकवला, हे कळले तेव्हा मला झोप लागली नाही.

त्यातून पैसे मिळतात का, असे तुम्ही विचाराल. नाही. स्टेप शीट सगळे एकमेकांना मोफत देतात, फक्त बसवणाऱ्याचे नाव ठेवायचे. इथल्या १९७६ च्या कॉपीराइट कायद्यात नृत्यरचनेला संरक्षण आहे, पण साध्या पावलांच्या रचनांना आणि सामाजिक नाचांना ते मिळत नाही. मिळकत आहे ती शिकवण्याची. सकाळच्या वर्गांचे तासावर पैसे मिळतात आणि संध्याकाळी माणशी फी असते. ऑफिसच्या नोकरीइतके हे नाही, हे मी लपवत नाही. स्वयंरोजगाराचा १५.३ टक्के कर आणि त्यावर आयकर भरते, प्रत्येक पावती ठेवते, तेव्हा बी.कॉम. वाया गेले असे कृपा करून म्हणू नका. घर यांच्या पगारावर व्यवस्थित चालते आणि यांची या कामाला मनापासून संमती आहे. यांनीच मला पहिले चांगले बूट घेऊन दिले.

आता छोटीच्या लग्नाचे. कराडचे स्थळ पक्के झाल्याचे वाचून फार आनंद झाला. मुलाकडच्यांनी मोठी मुलगी अमेरिकेत काय करते असे विचारले आणि तुम्हाला काय सांगावे ते सुचले नाही, असे बाबांनी लिहिले आहे. मी शिक्षिका आहे असे सांगा, आणि काय शिकवते असे विचारले तर तेही सांगा. त्यावरून ते मागे सरणार असतील तर आत्ताच कळलेले बरे, पण ते तसे नसतील असे छोटीच्या बोलण्यावरून वाटते.

सव्वातीन लाख रुपये या आठवड्यात बाबांच्या खात्यावर जमा होतील. ते यांच्या पगारातले नाहीत, माझ्या वर्गांचे आहेत, त्यामुळे संकोच करू नका आणि परत करण्याचे नावही काढू नका. हॉल आणि जेवणाचा आगाऊ खर्च त्यात व्हावा. दागिन्यांसाठी बाबांनी पतपेढीचे कर्ज घेऊ नये. आणखी लागले तर मला आधी कळवा.

साखरपुड्याला मला येता येणार नाही. आमच्या व्हिसाच्या मुदतवाढीचे कागद अजून आलेले नाहीत, आणि ते येईपर्यंत देशाबाहेर जाऊ नये असे वकिलांनी स्पष्ट सांगितले आहे. आई, तुझ्या डोळ्याच्या ऑपरेशनलाही मी नव्हते, सगळे छोटीने केले, आणि आता तिच्याच साखरपुड्याला तिची ताई नाही. मी फोनवर हसत बोलते म्हणून मला हे जाणवत नाही असे समजू नकोस. लग्नाची तारीख मात्र शक्य असेल तर मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात धरा, तेव्हा चिनूची शाळा संपत आलेली असते आणि कागदही आलेले असतील अशी आशा आहे. गुरुजींकडून दोन-तीन मुहूर्त काढून घ्या आणि मुलाकडच्यांना शब्द देण्याआधी मला कळवा. मी आले की हळदीपासून पाठवणीपर्यंतची धावपळ माझी, छोटीला एकाही कामाला हात लावू देणार नाही.

छोटीला म्हणावे, शालूचा रंग ठरला की फोटो पाठव. आत्यांना नमस्कार. आईने डोळ्यांचे थेंब वेळेवर घालावेत, आणि बाबांनी साखरपुड्याच्या खरेदीला एकट्याने बसने जाऊ नये, गाडी करावी, त्याचे पैसेही त्याच रकमेत धरले आहेत.

तुमची,
ताई