ती. आई-अण्णांना, बातम्यांच्या चॅनेलबद्दल

ती. अण्णा आणि आईस,
साष्टांग नमस्कार.

टीव्हीवर बातम्यांचे चॅनेल एकाएकी दिसेनासे झाले म्हणून अण्णा केबलवाल्यावर चिडलेत, असं आई म्हणाली. त्या पोराला काही बोलू नका. मीच त्याला पुण्याहून फोन करून ते पॅकमधून काढायला सांगितले. आधी विचारलं असतं तर तुम्ही नको म्हणाला असता आणि तुमचा शब्द मला मोडवला नसता. फोनवर बोलावं तर 'मी बरा आहे, आईशी बोल' म्हणून तुम्ही फोन तिच्या हातात देता. म्हणून लिहायला बसले.

बाकी सगळं जागच्या जागी आहे. आईच्या मालिका आहेत, क्रिकेट आहे, सह्याद्री वाहिनी आहे. संध्याकाळचं तिच्यावरचं बातमीपत्र खुशाल बघा. पेपर एक तारखेपासून पुन्हा सुरू होईल, रविवारच्या पुरवणीसकट. शब्दकोडं आई आधी सोडवेल, तेवढं तुम्ही दोघं आपसात बघा. रेडिओचे सेल बदलून ठेवले आहेत, सकाळच्या प्रादेशिक बातम्या त्यावर ऐका. जगात काय चाललंय ते तुमच्यापासून लपवावं, असं माझ्या मनात नाही. तुम्ही आयुष्यभर वर्गात नकाशा टांगून मुलांना जग दाखवलंत, तुमच्यापासून मी काय लपवणार?

पण अण्णा, तुम्ही रात्री दोन-दोनला उठून टीव्ही लावता. वरचं बीपी एकशे सत्तरच्या खाली येत नाही, झोप नाही, जेवण अर्धं. दिवाळीत मी घरी होते तेव्हा पाहिलं ना. एकच कोसळणारी इमारत, तिच्यावर लाल बाण, वर भोंग्याचा आवाज. पुन्हा तीच इमारत, पुन्हा तोच भोंगा. आई भरल्या ताटावरून उठली आणि म्हणाली, "त्या लेकरांनी काही खाल्लं असेल का गं?" मला तेव्हा उत्तर सुचलं नाही. गाझातल्या मुलांचं, युक्रेनमधल्या म्हाताऱ्यांचं दुःख खरं आहे, आणि ते तुम्हाला लागतं याचा मला अभिमान आहे. फक्त ते असं रात्रंदिवस बघून त्यांच्यापर्यंत काही पोचत नाही, आणि तुम्ही मात्र खचत चाललात.

किल्लारीच्या वेळचं आठवतं? ३० सप्टेंबर १९९३. गणपती विसर्जनाची रात्र संपता संपता भूकंप झाला. सकाळी रेडिओवर कळलं आणि दुपारपर्यंत तुम्ही शाळेच्या पटांगणात उभे होतात. घराघरातून भाकरी, चटणी, घोंगड्या गोळा केल्यात आणि ट्रकमध्ये बसून निघालात. आई रात्रभर भाकरी थापत होती आणि मी तिच्या मांडीला टेकून झोपले होते. परत आलात तेव्हा दोन दिवस कुणाशी बोलला नाहीत, पण तिसऱ्या दिवशी शाळेत गेलात. त्या वेळी बातमी कानावर आली की तुम्ही उठायचात. आता बातमी येते आणि तुम्हाला खुर्चीत बसवून ठेवते. मला भीती वाटते ती याची.

आणि 'आता काही चांगलं व्हायचं नाही' हे तुम्ही परवा म्हणालात, ते मला फार लागलं. अण्णा, बहात्तरच्या दुष्काळात तुम्ही बारा वर्षांचे होतात. आजीबरोबर खडीच्या कामावर जायचात, लाल मिलोची, म्हणजे परदेशातून आलेल्या ज्वारीची भाकरी आणि कामावर मिळणारी सुकडी खायचात. हे तुम्हीच सांगितलंय, आणि दर वेळी सांगताना मध्येच थांबता. मे १९७३ मध्ये राज्यात पन्नास लाखांच्या आसपास माणसं दुष्काळी कामांवर होती. त्या उन्हाळ्यात आजच्यासारखे चॅनेल असते तर त्यांनी भेगाळलेली रानं आणि मेलेली जनावरं दाखवली असती, आणि त्यात काही खोटं नसतं. पण सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात करून पाहिलेली एक योजना विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे लावून धरत होते, ते कुणी दाखवलं नसतं. मागेल त्याला काम, ही ती योजना. तिच्यासाठी १९७५ साली नोकरदारांवर व्यवसाय कर बसला, १९७७ मध्ये विधिमंडळाने रोजगार हमीचा कायदा केला, आणि २००५ मध्ये त्याच धर्तीवर साऱ्या देशाचा कायदा झाला. तुमच्या पगारपत्रकावर तो कर कापलेला दिसायचा. लहानपणी मी विचारलं होतं, हे पैसे कशाला जातात? "हे मी आनंदाने देतो," एवढंच म्हणाला होतात. मला तेव्हा कळलं नव्हतं. खडी फोडणाऱ्या पोराने पुढे मास्तर होऊन दुसऱ्यांच्या कामाची मजुरी भरली, याहून मोठी आशेची गोष्ट मला तरी माहीत नाही.

आई, तुझ्यासाठी एक लिहायचंय. लिहू की नको, असं खूपदा झालं. आपल्या पहिल्या बाळाबद्दल तू कधी बोलत नाहीस, मीही विचारत नाही. पण शेजारच्या सुनेच्या बाळाला बघायला आशाताई, म्हणजे गावातली आरोग्यसेविका, तिसऱ्या दिवशी आली, सातव्या दिवशी आली, वजन केलं, श्वास मोजला, तेव्हा तू दारात उभी राहून बघत होतीस. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना हे शिकवलं. तिथले नवजात बाळांचे मृत्यू साठ टक्क्यांहून जास्त कमी झाले, ते १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या डॉक्टरांच्या नियतकालिकात छापून आलं, आणि २०११ पासून देशभरातल्या आशाताया घरोघरी जाऊ लागल्या. १९९० मध्ये जगात पाच वर्षांखालची सव्वा कोटीच्या आसपास मुलं वर्षाला जात होती. २०२२ मध्ये तो आकडा पहिल्यांदाच पन्नास लाखांच्या खाली आला. अजूनही फार आहे. ज्यांचं गेलं त्यांचं दुःख यानं हलकं होत नाही, तुझंही नाही. पण जे बाळ वाचतं त्याची बातमी होत नाही, म्हणून मी तुला सांगतेय.

आता ऐका. बीपीची गोळी सकाळी नाश्त्यानंतर, रोज, बरं वाटलं तरी. शेंगदाण्याची चटणी चालेल, पण वरून मीठ नको आणि लोणचं अजिबात नको. रात्री दहानंतर टीव्ही बंद, आई, रिमोट तू तुझ्याकडे ठेव. अण्णा, जाग आली तर मला फोन करा, कितीही वाजू देत. आई, तू म्हणाली होतीस तसे तुझ्या नावाने युनिसेफला पैसे पाठवलेत. दर महिन्याला थोडे पाठवत जाऊ. आणि गल्लीतल्या सहावी-सातवीच्या पोरांना गणित जमत नाही, असं तुम्हीच म्हणत होतात. संध्याकाळी ओट्यावर तासभर त्यांना घेऊन बसता का? मी कुणाशी बोलले नाहीये. तुम्हाला वाटलं तरच.

महिनाभर असं राहून बघा. पुढच्या तपासणीला मी येतेच आहे, सोबत गाडी असेल, एसटीने सोलापूरला जायची घाई करू नका. तेव्हाही तुम्हाला चॅनेल हवेच असतील तर मी स्वतः केबलवाल्याला फोन करेन, हट्ट धरणार नाही. मागच्या तपासणीचे कागद कपाटात वरच्या कप्प्यात आहेत, ते काढून ठेवा.

तुमची,
सुमी