तांबटाची फांदी तुटली, आणि कॅमेरा जप्त झाला माझा

प्रति,
मा. आयुक्त, महानगरपालिका

विषय : बागेतील पांगाऱ्याची फांदी घरट्यासह तोडल्याबाबत, तसेच छायाचित्रणास केलेल्या मनाईबाबत.

महोदय,

सविनय नमस्कार.

गेल्या वर्षी मे महिन्यात, सकाळी बागेत फोटो काढणाऱ्या आम्ही अकरा जणांनी सह्या करून उद्यान विभागाला अर्ज दिला होता. त्याला लेखी उत्तर आलं. फेब्रुवारी ते जून या काळात घरटी तपासल्याशिवाय बागेत छाटणी होणार नाही आणि हौशी छायाचित्रकारांना सकाळी नऊपर्यंत मुभा राहील, असं त्यात स्वच्छ लिहिलं आहे. खाली सही आहे, गोल शिक्का आहे, जावक क्रमांक आहे. ते पत्र प्लास्टिकच्या पिशवीत घालून मी कॅमेऱ्याच्या बॅगेत ठेवत होते. 11 मार्चला, बुधवारी, सकाळी सव्वासातला ते मी कंत्राटदाराच्या माणसापुढे धरलं. त्याने हातातसुद्धा घेतलं नाही. वर करवत चालूच राहिली.

कोणती फांदी, तेही सांगते. तुमच्या फायलीत ती 'वाळलेली, धोकादायक' एवढीच असणार. तळ्याच्या कडेच्या जुन्या पांगाऱ्याची ती फांदी दोन पावसाळ्यांपूर्वी वठली. तिच्याखाली ना बाक आहे ना पायवाट, खाली नुसतं पाणी आणि चिखल. ती धोकादायक कोणाला होती? वठलेलं लाकूड मऊ पडतं आणि तांबटाला घरट्यासाठी तेच लागतं. 26 जानेवारीला झेंडावंदन करून मी बागेत गेले, तेव्हा जोडीने कोरायला सुरुवात केली होती. चिमणीएवढा पक्षी. अंग हिरवं, गळा पिवळा, कपाळावर आणि छातीवर लाल टिळा. तांब्याच्या भांड्यावर हातोडी पडावी तसा टुक टुक टुक आवाज, म्हणून त्याचं नाव तांबट. भोक फांदीच्या खालच्या अंगाला, बांगडीहून लहान, पण कंपासने काढावं तसं गोल. पक्षी आत शिरायचा, नुसती शेपटी बाहेर दिसायची, मग मागे सरकत यायचा आणि चोचभर भुसा मान झटकून उडवायचा.

भोक खालच्या अंगाला, त्यामुळे तिथे कायम सावली. पाण्याच्या टाकीमागून ऊन वर आलं की ते तळ्यावरून उलटून त्या फांदीखाली पडतं, साधारण सात वीसपासून सात चाळीसपर्यंत. रोजची ती वीस मिनिटं माझी. उन्हात उडणारा भुसा आणि त्यामागे पक्ष्याचा डोळा असा एक फोटो नीट मिळायला मला नऊ सकाळी लागल्या. माझ्याकडे भारी सामान नाही. भिशी लागली तेव्हा घेतलेला जुना कॅमेरा आणि 70-300 ची लेन्स. घरट्यावर फ्लॅश मी कधी मारला नाही, वीस पावलांच्या आत कधी गेले नाही, घरट्याची जागा कोणत्या ग्रुपवर टाकली नाही. साहेब, हे नियम तुमच्या खात्याने नाही शिकवले. बागेतल्याच एका आजोबांनी शिकवले. ते आता नाहीत.

मार्च लागला तशी नर आणि मादी आळीपाळीने उंबराची फळं घेऊन आत जाऊ लागली. 10 तारखेला मी आतून पिल्लांची बारीक कुरकुर ऐकली. घरी येऊन वहीत लिहिलं : 'पिल्लं आहेत. दोन तरी असावीत.' दुसऱ्या दिवशी फांदी खाली आली आणि ढोली उभी चिरली. दोनच होती. अंगावर पीस नाही, डोळे मिटलेले, कातडीखालून शिरा दिसतील इतकी कोवळी. एक गेलं होतं. दुसरं चोच उघडत होतं आणि त्याच्या पोटावर लाल मुंग्या चढत होत्या.

मी फोटो काढले. का काढणार नाही? पंचेचाळीस दिवस त्या जागेचे फोटो काढत होते. तेवढ्यात मागून हात आला आणि सुरक्षारक्षकाने गळ्यातल्या पट्ट्यासकट कॅमेरा ओढला. मानेवर वळ उठला, तो आठवडाभर होता. मला गेटजवळच्या खोलीत नेऊन स्टुलावर बसवलं. "वरून ऑर्डर आहे, फोटो डिलिट करा," एवढंच तो म्हणत होता. मला ते करवेना, तर त्यानेच बटणं दाबली आणि नको ते बटण दाबून कार्ड सगळंच पुसलं. दीड तास बसवून ठेवलं. त्या दीड तासात बागेतून शाळेला जाणारी मुलं खिडकीतून बघत होती. याच मुलांना मी रोज शिंजीर आणि शिंपी हे पक्षी ओळखायला शिकवते. त्यांनी मला चोरासारखी बसलेली पाहिली. एक मुलगी आता वाटेत मला बघून आईच्या मागे जाते.

त्या रक्षकाबद्दल मला तक्रार करायची नाही. महिना दहा-अकरा हजारांवर बारा तास उभा राहतो, म्हणतात. तोही कंत्राटीच. माझी तक्रार त्या 'वर'बद्दल आहे, जिथून ऑर्डर आली.

माझं काय गेलं ते सांगू द्या, कारण पंचनाम्यात ते येणार नाही. 2021 च्या एप्रिलमध्ये माझे यजमान कोविडने गेले. दवाखान्यात शेवटचं दर्शनही लांबूनच झालं. त्यानंतर आठ-नऊ महिने मला झोप नव्हती. पतसंस्थेत रोखपाल आहे मी, नोटा मोजताना हात थरथरायचा, दोनदा हिशेबात चूक निघाली आणि पैसे पगारातून भरले. डॉक्टर म्हणाले, सकाळी चालायला लागा. चालायला लागले ते या बागेत. एका सकाळी शाल्मलीवर भोरड्यांचा थवा उतरला. लाल फुलात चोच घालणारा गुलाबी अंगाचा, काळ्या डोक्याचा पक्षी मी आयुष्यात पहिल्यांदा बघितला. घरी येऊन विचारलं, तेव्हा कळलं की त्याला पळसमैनाही म्हणतात, आणि मध्य आशियातून येऊन चैत्रात तो परत निघतो. त्या रात्री मी पाच तास झोपले. त्यानंतर कॅमेरा घेतला. आता कार्डात काही उरलेलं नाही. मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात चारशेपैकी शंभर-सव्वाशे फोटो परत मिळाले, तेही अर्धे करडे पट्टे आलेले. पिल्लांचा एकही नाही. माझा रक्तदाब पुन्हा वाढला आहे, आणि सासूबाई विचारतात की एका पाखरासाठी एवढं काय. त्यांना मी काय सांगू? तुम्हीच येऊन सांगा.

घटनेनंतर चौथ्या दिवशी गेटवर नवा फलक लागला : 'छायाचित्रण करण्यास सक्त मनाई.' खाली बारीक अक्षरात, परवानगी हवी असल्यास कॅमेऱ्यामागे दिवसाला पाचशे रुपये. रोज सकाळी वीस मिनिटं यायचं म्हटलं तर महिन्याचे पंधरा हजार होतात. म्हणजे लग्नाआधीच्या शूटिंगवाल्यांनी रंगीत धुराच्या कांड्या पेटवून, फुलझाडं तुडवून फोटो काढले तरी चालतील, त्यांनी पावती फाडलेली असते. मोबाइलवर रीलं काढणाऱ्यांना कोणी हटकत नाही. अडवलं जातं ते फक्त फांदीखाली गप्प उभं राहणाऱ्यांना. मी या फलकाचा अर्थ एकच लावते. तोडताना कोणी बघू नये.

गेल्या पावसाळ्यात मी माहितीच्या अधिकारात विचारलं होतं : या बागेत किती जातींचे पक्षी आहेत, किती झाडं आहेत, छाटणी कोणत्या महिन्यात करायची याचा काही लेखी नियम आहे का? कायद्यात तीस दिवस आहेत, उत्तर आलं सत्तेचाळिसाव्या दिवशी. 'सदर माहिती अभिलेखावर उपलब्ध नाही.' माझ्या वहीत त्या बागेतल्या 63 जातींच्या पक्ष्यांची नोंद आहे, तारखांसकट. पांगारा कधी फुलला, पिंपळाला तांबूस पालवी कधी फुटली, राज्यपक्षी हरियाल उंबरावर किती दिवस राहिला, ब्लू मॉर्मन फुलपाखरू कोणत्या दिवशी आलं. हे फुलपाखरू 2015 मध्ये महाराष्ट्राने राज्य फुलपाखरू म्हणून जाहीर केलं आणि असं करणारं आपलं पहिलं राज्य. तुमच्या बागेत ते आहे, हे तुमच्या कार्यालयाला माहीत नाही. ते माहीत असलेल्या बाईचा कॅमेरा तुमच्या माणसांनी ओढला.

मला कायद्याचं फार कळत नाही, पण आता वाचायला लागले आहे. 1975 च्या झाडांच्या कायद्यात झाडाला कोणत्याही प्रकारे इजा करणं हेसुद्धा झाड तोडणंच धरलं आहे. 1972 च्या वन्यजीव कायद्यात पक्ष्यांची अंडी आणि घरटी उद्ध्वस्त करणं शिकारीच्या व्याख्येत बसतं. वृक्ष प्राधिकरणाचे अध्यक्ष कोण असतात? आयुक्त. म्हणजे तुम्ही. पण कंत्राटदार म्हणतो, कनिष्ठ अभियंत्यांनी खूण केली तीच फांदी कापली. अभियंता म्हणतात, उद्यान विभागाची यादी होती. उद्यान विभाग म्हणतो, बैठकीत ठरलं. बैठकीचं इतिवृत्त मागितलं तर ते अजून कायम व्हायचं आहे. मेलेल्या पिल्लाला सगळ्या महापालिकेत एक बाप सापडत नाही.

दर नोव्हेंबरात 5 ते 12 तारखेपर्यंत सरकार पक्षी सप्ताह साजरा करतं. अरण्यावर लिहिणारे मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिवस 5 ला आणि पक्षीतज्ज्ञ सालिम अली यांचा 12 ला, म्हणून तो आठवडा. यंदा आमच्या बागेतही कापडी फलक लागला होता, मुलांना घोषणा दिल्या होत्या, माझाच एक फोटो न विचारता त्यावर छापला होता. मी काही बोलले नाही, उलट मला आनंद झाला. चार महिन्यांनी घरटं पडलं तेव्हा त्या फलकाच्याच काठ्या पांगाऱ्याच्या बुंध्याशी टेकवलेल्या होत्या.

आणि हे सगळं कशासाठी? सुशोभीकरणासाठी. बागेत बोललं जातं की काम पाऊण कोटीचं आहे. खोटं असेल तर खरा आकडा तुम्ही गेटवर लावा. तळ्याच्या कडेची माती काढून पेव्हर ब्लॉक बसले. खोडांना खिळे ठोकून दिव्यांच्या माळा लावल्या, त्या रात्रभर चालू असतात. जिथे फांदी होती तिथे आता फायबरचा मोर येणार आहे, असं माळीकाका सांगतात. जिवंत पक्ष्याला बिल निघत नाही, फायबरच्या मोराला निघतं. रस्ते, नाले, टेकड्या, सगळीकडे मी आता हेच बघते. जे आपोआप उगवतं ते काढायचं आणि विकत घेता येईल ते बसवायचं. 2022 नंतर जवळजवळ चार वर्षं विचारायला नगरसेवकच नव्हते, जे काही होतं ते प्रशासक ठरवायचे. आता निवडणूक झाली. दारावर आलेल्या चारही उमेदवारांना मी बागेबद्दल विचारलं होतं, चौघांनी वहीत लिहून घेतलं. 11 मार्चनंतर मी चौघांनाही फोन केले. निवडून आलेल्यांचा लागत नाही, आणि पडलेले म्हणतात, आता आमच्या हातात काय आहे.

माझ्या मागण्या तशा थोड्या आहेत. तो फलक काढा. मे महिन्यात दिलेलं लेखी आश्वासन रद्द झालं असेल तर कोणी आणि कधी रद्द केलं ते मला लिहून कळवा, आणि झालं नसेल तर पाळा. याच बागेत शाल्मलीवर आत्ता दुसरी एक ढोली आहे. कुठे आहे ते मी या पत्रात लिहिणार नाही. ते सांगावं इतका माझा तुमच्यावर विश्वास उरलेला नाही. जूनपर्यंत एकाही झाडाला करवत लावू नका, म्हणजे ती आपोआप वाचेल.

फांदी पडल्यानंतर दोन दिवस ती जोडी येत होती. चोचीत उंबर धरून यायची, फांदी होती त्या जागी हवेत पंख फडफडवत थांबायची आणि शेजारच्या तारेवर बसायची. तिसऱ्या दिवशी आली नाही.

ढोलीचा चिरलेला तुकडा माळीकाकांनी माझ्यासाठी बाजूला ठेवला होता. आतून तो गुळगुळीत आहे, तळाशी अजून थोडा भुसा आणि उंबराच्या बिया आहेत. सोमवारी अकरा वाजता तो घेऊन मी तुमच्या आवक खिडकीवर येत आहे. या पत्रासोबत तो जमा करून घ्यावा आणि दोन्हींची पोच शिक्क्यासह द्यावी.

आपली,
या शहराची 31 वर्षं घरपट्टी भरणारी एक नागरिक