दंतकथेखाली झाकलेले गाया राज्य

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत प्राचीन कोरियावर लेख आला, याचा आनंद झाला. मात्र अयोध्येची राजकन्या इ. स. ४८ मध्ये समुद्रमार्गे कोरियात गेली आणि तिथल्या गाया राज्याची राणी झाली, हे त्यात सिद्ध झालेला इतिहास म्हणून छापले आहे. तसे ते नाही, म्हणून हे पत्र.

हो ह्वांग-ओक या राणीची कथा ‘सामगुक युसा’ या ग्रंथात येते. इर्योन या भिक्षूने तो तेराव्या शतकात संकलित केला आणि ही हकिकत त्याने अकराव्या शतकातल्या एका वृत्तांतावरून घेतली. म्हणजे घटना आणि लेखन यांत हजार वर्षे गेली. बखर कोणती आणि अस्सल कागद कोणता, हे मराठी वाचकाला सांगावे लागत नाही. शिवाय मूळ नाव ‘आयुता’ आहे. ती अयोध्याच, हा नंतरचा तर्क.

नोकरीनिमित्त मी दोन वर्षे बुसानला होतो. शेजारच्या गिमहे गावात राणीच्या समाधीपाशी एक लहानसा दगडी स्तूप आहे. समुद्र शांत राहावा म्हणून हे दगड तिने जहाजातून आणले, असे सांगतात. गिमहेचे किम आणि हो ही घराणी स्वतःला या राजाराणीचे वंशज मानतात आणि परंपरेने आपसात सोयरिक टाळत आली आहेत. इतकी जिवंत श्रद्धा आहे ती. तिचा मान राखावाच, पण पुरावा म्हणून ती पुढे करू नये.

मला खरे वाईट वाटते ते वेगळ्याच गोष्टीचे. या कथेपुढे गायाची माणसेच दिसेनाशी होतात. प्राचीन कोरियाचा इतिहास गोगुर्यो, बेकजे आणि सिल्ला या ‘तीन राज्यां’चा म्हणून सांगतात, त्या हिशेबात गाया आधीच मागे पडते. गाया म्हणजे नाकदोंग नदीच्या खोऱ्यातल्या लहान लहान राज्यांचा समूह, आणि त्यांची ताकद होती लोखंडात. गिमहेच्या संग्रहालयात मी लोखंडाच्या पट्ट्यांपुढे बराच वेळ उभा होतो. मध्ये निमुळत्या, दोन्ही टोकांना पसरट, थेट डमरूच्या आकाराच्या. गंजून तपकिरी झालेल्या, पण घाट जराही बिघडलेला नाही. हा कच्चा माल होता आणि व्यवहारात नाण्यासारखाही चाले. सरदारांच्या थडग्यांत अशा पट्ट्या तळाशी ओळीने अंथरलेल्या सापडल्या आहेत. इथले लोखंड जपानी बेटांपर्यंत जाई, हे तिसऱ्या शतकातल्या चिनी इतिहासग्रंथात नोंदलेले आहे. लेखात या लोखंडाबद्दल एक ओळही नाही.

बारा तारांचे गायागुम हे वाद्यही नावासकट याच राज्याचे. राज्य डबघाईला आल्यावर उरुक हा वादक ते घेऊन सिल्लाच्या आश्रयाला गेला, अशी परंपरा आहे. ५३२ मध्ये गिमहेचे गाया आणि ५६२ मध्ये शेवटचे मोठे गाया राज्य सिल्लाने घेतले. वाद्य मात्र आजही वाजते. गायाच्या सात दफनभूमी २०२३ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आल्या, तेव्हाही आपल्याकडे बातम्यांत झळकली ती राणीच.

भारताशी नातेच सांगायचे असेल तर सिल्लाचा भिक्षू ह्येचो आहे. तो ७२० च्या दशकात भारतभर हिंडला आणि ७२७ मध्ये मध्य आशियात पोचला. त्याच्या प्रवासवर्णनाची प्रत १९०८ मध्ये फ्रेंच अभ्यासक पॉल पेलियो यांना चीनमधल्या दुनहुआंगच्या गुहेत मिळाली. आरंभ आणि शेवट फाटलेली ती गुंडाळी आज पॅरिसमध्ये आहे. मध्य भारतातून तीन महिन्यांहून अधिक चालत आपण दक्षिणेच्या राजाकडे पोचलो, असे तो लिहितो. हा राजा चालुक्य असावा, असे अभ्यासक मानतात. म्हणजे हा माणूस आपल्या दख्खनमध्ये येऊन गेला. इथेच त्याने एक कविता लिहिली. चांदण्या रात्री तो घरच्या वाटेकडे बघतो. ढगांबरोबर पत्र धाडावे, तर वारा ऐकून घ्यायला थांबत नाही. या उष्ण मुलुखात हंसही नाहीत, मग माझ्यासाठी मायदेशी उडत जाणार कोण? तेराशे वर्षांपूर्वीच्या त्या परक्या भिक्षूची ही ओढ वाचताना, बुसानच्या खोलीत बसलेल्या मला गलबलून आले होते.

पुढच्या अंकात ‘अशी आख्यायिका आहे’ एवढी दुरुस्ती छापावी आणि ह्येचोवर जाणकाराकडून स्वतंत्र लेख लिहवून घ्यावा, ही विनंती. गायावर पुन्हा लिहिणे झालेच, तर राणीच्या काल्पनिक चित्राऐवजी त्या डमरूच्या आकाराच्या पट्ट्यांचे छायाचित्र द्यावे.

आपला,
एक नियमित वाचक, पुणे