छपरावरून उतरणारा इओनी

पुणे, १२ ऑगस्ट

प्रिय विजू,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र परवा मिळालं. तुझ्या नातवाच्या, ओजसच्या, नोंदींच्या वहीबद्दल लिहिलंस ते दोनदा वाचलं. आजीनं मायेनं लिहिलेल्या नोंदींत शास्त्र कुठलं, असं म्हणून तू वही मिटून ठेवलीस, याचं मला फार वाईट वाटलं. कॉलेजात मानसशास्त्र शिकवताना मी दर वर्षी एका बाईंची गोष्ट सांगायचे, ती आज तुला सांगते.

नादेज्दा लादिगिना-कोट्स. मॉस्कोच्या, प्राण्यांच्या वागण्याच्या अभ्यासक. त्यांचे यजमान अलेक्झांडर कोट्स यांनी १९०७ साली तिथे डार्विन संग्रहालय सुरू केलं. १९१३ मध्ये या दोघांकडे चिंपांझीचं दीडेक वर्षाचं पिल्लू आलं, इओनी. ते जवळजवळ अडीच वर्षं त्यांच्यापाशी वाढलं. बाई तेव्हा जेमतेम चोवीस वर्षांच्या. त्याचा खेळ, राग, भीती, गुदगुल्या केल्या की फुलणारा चेहरा, सगळं त्या टिपून ठेवत. रंग-आकारातला फरक त्याला कळतो का, हे पाहायला त्यांनी साधीशी रीत वापरली. एक वस्तू दाखवायची आणि समोर मांडलेल्यांतून तशीच दुसरी मागायची. बोलता न येणाऱ्या जिवाला प्रश्न विचारायची ही रीत प्राण्यांच्या अभ्यासात आजही चालते.

पण मला सांगायचंय ते छपराचं. इओनी निसटून घराच्या छपरावर जाऊन बसला की काही केल्या उतरत नसे. हाका मारा, खाऊ दाखवा, दरडावा, ढिम्म. मग बाई डोळे मिटून रडण्याचं सोंग करत. त्याबरोबर तो असेल ते टाकून धावत येई. त्यांच्याभोवती फिरून रडवणाऱ्याला शोधे, त्यांची हनुवटी तळहातात धरी, चेहऱ्याला हळूच बोटं लावी. खाऊला न बधणारं पिल्लू रडणं ऐकून उतरत होतं! पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुढचं पान उलटायला मला बराच वेळ लागला. आणि विजू, गजांबाहेर उभं राहून टिपणं घेणाऱ्या परक्या माणसासाठी तो असा आला नसता. बाईंना हे दिसलं, कारण त्या त्याच्या होत्या. माया मध्ये आली म्हणून नोंद बिघडली नाही. मायेमुळेच ती नोंद करता आली.

एक गोष्ट मात्र मला टोचते. त्या काळी अशी पिल्लं आईपासून तोडूनच आणत. इओनीला बाईंचा एवढा लळा का लागला, याच्या उत्तरात तेही आहेच.

१९१६ साली इओनी गेला. पुढच्याच वर्षी रशियात क्रांती झाली. १९२५ मध्ये बाईंना मुलगा झाला, रूडी, आणि त्यांनी पुन्हा वही उघडली. इओनीला ज्या वयात पाहिलं होतं, त्याच वयातला रूडी त्याच नजरेनं पाहिला. राग, आनंद, भीती चेहऱ्यावर उमटताना दोघं भावंडंच वाटावीत. वाटा फुटल्या त्या बोलण्यापाशी. रूडी कानावर पडलेले शब्द उचलू लागला; इओनीनं माणसाच्या बोलण्याची नक्कल केली नाही. हे सगळं पुस्तकरूपानं आलं १९३५ साली, म्हणजे इओनी घरी आल्यावर बावीस वर्षांनी. डार्विननं तर १८३९ साली जन्मलेल्या आपल्या थोरल्या मुलाच्या नोंदी १८७७ मध्ये छापल्या. तेव्हा तुला कसली घाई?

वही काढ. दर नोंदीला तारीख आणि त्याचं वय घाल. ‘लबाड झालाय’ असं लिहू नकोस, त्यानं नेमकं काय केलं ते लिही, आणि त्याआधी काय घडलं होतं तेही. तू डोळ्यांना पदर लावलास आणि तो चमचा-वाटी टाकून रांगत आला, असं तुझ्या परवाच्या पत्रात तू सहज लिहून गेलीस. तेव्हा त्यानं आधी तुझ्या तोंडाकडे पाहिलं, की आईकडे वळून पाहिलं? आठवत असेल तर आजच लिहून ठेव आणि मला कळव.

तुझी,
शुभा