ताई, मेड-पेड्सला मॅच झाले!

प्रिय ताई,

अमेरिकेत डॉक्टरांच्या पुढच्या प्रशिक्षणाच्या जागा वाटणाऱ्या ‘मॅच’चा निकाल लागला त्या रात्री फोनवर नुसतीच ओरडले, आभार मानायचे राहूनच गेले. म्हणून हे जाहीर पत्र. जाहीर अशासाठी की अमेरिकेत मेडिसिन आणि पीडियाट्रिक्स एकत्र, म्हणजेच मेड-पेड्स, करता येतं, हेच आपल्याकडच्या कितीतरी इंटर्न्सना ठाऊक नसतं. १९६७ पासूनची सोय आहे ही. चार वर्षं, त्यातले २४ महिने मोठ्यांचे, २४ मुलांचे, आणि शेवटी दोन्ही बोर्डांच्या परीक्षांना बसता येतं.

‘म्हणजे फॅमिली मेडिसिनच ना?’ हा प्रश्न मला घरातून, कॉलेजातून, सगळीकडून आला. ते तीन वर्षांचं, त्यात बाळंतपणंही येतात, हे सांगून सांगून मी थकले होते. तुम्ही मात्र पहिल्याच कॉलवर विचारलंत, ‘दोन्ही आवडतं हे कळलं. पण दोन्ही लागतं कुठे?’

मग तुम्हीच माझ्याकडून थॅलेसेमियाच्या त्या मुलाची गोष्ट काढून घेतलीत. बारा वर्षं पूर्ण झाली म्हणून आमच्या वॉर्डातून त्याला मेडिसिनला पाठवलं. तिथे रक्त चढायचं, पण फेरिटिन (अंगात साठलेल्या लोहाचं माप) किती, आयर्न उतरवायची गोळी रोज घेतो का, उंची का थांबली, हे विचारणारं कुणी उरलं नाही. अर्जासोबतच्या पर्सनल स्टेटमेंटमधलं, म्हणजे स्वतःबद्दलच्या निबंधातलं, बाकी सगळं कापून तुम्ही तेवढंच ठेवलंत. पुढे जवळजवळ प्रत्येक मुलाखतीत त्याच्याबद्दलच विचारलं.

शिफारसपत्रं दोन्ही विभागांतून हवीत, हे तुम्ही अर्ज उघडायच्या कितीतरी आधी बजावलंत. सरांच्या मागे लागायला तेवढा वेळ लागतोच! रँक लिस्ट, म्हणजे कुठे जायचं त्याचा पसंतीक्रम, लावायच्या वेळी मी ‘आपल्याला कोण घेईल’ याचा हिशेब मांडत बसले, तेव्हा तुमचा आवाज पहिल्यांदा चढला. मॅचचं गणित उमेदवाराच्या पसंतीपासून सुरू होतं, मनातला क्रम आहे तसाच लाव, म्हणालात. लावला. वर ठेवलेलंच मिळालं.

हे सगळं स्वतःच्या नाइट ड्यूट्या सांभाळून केलंत, आणि पैशाचा विषय काढला की विषय बदललात.

व्हिसाचे कागद चालू आहेत. आईने तुमच्यासाठी गोडा मसाला आणि मेतकूट बांधून ठेवलंय. आणखी काय हवं ते बॅग भरायच्या आत कळवा.

तुमची ज्युनिअर