बालकलाकारांचा वाटा आधीच ठरावा

महोदय,

वस्तीतील मुलांना घेऊन काढलेला एखादा चित्रपट गाजला, की त्या मुलांसाठी काहीतरी केले पाहिजे अशी हळहळ व्यक्त होते आणि निर्माते एखादा निधी जाहीर करतात. माझा आक्षेप या क्रमालाच आहे. या मुलांचा हक्क चित्रीकरणाआधी करारात लिहिला गेला पाहिजे.

‘स्लमडॉग मिलियनेअर’ला फेब्रुवारी २००९ मध्ये आठ ऑस्कर मिळाली. त्यातील दोन बालकलाकार तो सोहळा पाहून वांद्र्याच्या गरीबनगरमधील झोपड्यांतच परतले आणि त्याच वर्षी मे महिन्यात त्यांपैकी मुलाचे घर पाडकामात जमीनदोस्त झाले. निर्मात्यांनी पुढे शिक्षणाची व घराची सोय केली, त्यासाठी न्यास स्थापन केला, हे मान्य केलेच पाहिजे. एकरकमी पैसा मुलाच्या हाती टिकणार नाही, ही भीतीही अनाठायी नाही. परंतु मदतीच्या अटी आणि मुदत देणाराच ठरवतो, वाटा मात्र हक्काने मागता येतो. ‘सलाम बॉम्बे’नंतर १९८८ मध्ये रस्त्यावरील मुलांसाठी सलाम बालक ट्रस्ट उभा राहिला आणि त्याचे काम मोलाचेच आहे, तरीही राष्ट्रीय पुरस्कार मिळवलेला त्या चित्रपटातील मुलगा पुढे बंगळुरूत रिक्षा चालवू लागला. रिक्षा चालवण्यात कमीपणा नाही, पण त्याच्या अभिनयावर उभ्या राहिलेल्या यशात त्याचा हिस्सा किती, हा प्रश्न उरतोच.

आपल्याकडे २०१७ च्या बालकामगार नियमांनुसार बालकलाकाराला घेण्यासाठी जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी लागते, दिवसाला पाच तासांहून अधिक काम घेता येत नाही आणि मिळकतीपैकी किमान वीस टक्के रक्कम त्याच्या नावे राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत ठेवावी लागते. तरतूद चांगली आहे. मात्र ज्याचे मानधनच तुटपुंजे, त्याच्या वीस टक्क्यांतून सज्ञान झाल्यावर हाती काय उरणार? परवानगीच्या अर्जासोबत निर्मात्याकडून हमीपत्र घेतले जातेच. चित्रपटाची कमाई ठरावीक मर्यादेपलीकडे गेल्यास मुलाच्या ठेवीत किती भर पडेल आणि चित्रीकरण संपल्यावर त्याच्या शाळेकडे कोण लक्ष देईल, हेही त्यातच लिहून घ्यावे. करार वाचता न येणाऱ्या पालकांचा अंगठा उमटण्यापूर्वी निर्मात्याशी संबंध नसलेल्या कोणीतरी तो त्यांना त्यांच्या भाषेत समजावून सांगावा.

अशा अटींमुळे निर्माते गरीब मुलांना घेणेच बंद करतील, असे म्हटले जाईल. मला तसे वाटत नाही. सुखवस्तू मुलाच्या गालाला काजळी फासून वस्तीतील मुलाची बोली आणि चाल पडद्यावर आणता येत नाही, हे निर्मात्यांना पक्के ठाऊक असते. मोठे अभिनेते मानधनाखेरीज नफ्यातही भागीदारी घेतात. तेच कलम या मुलांच्या करारात घालायला निर्मात्यांची हरकत नसावी.

आपला,
एक वाचक